भुंगेरा झाडावर असतानाच गाठायचा

  

मे महिना सरत आलाय. रोहिणी लागली की मृगाची वाट बघायची. घराघरात बियाण्याची, खताची, नांगरटीच्या पैशाची बोलणी चालू आहेत. ह्या धांदलीत एक काम हमखास मागं पडतं, आणि ते ह्या दिवसांत झालं नाही तर पुढं वर्षभर करता येत नाही. ते काम म्हणजे हुमणीचे भुंगेरे गोळा करणं. आज त्याचंच बोलणार आहोत.

हुमणी तुम्हाला नवी नाही. कुठं हिला उन्नी म्हणतात, कुठं उकरी. खुरपताना मातीतून निघते ती पांढरट, मळकट, लठ्ठ अळी. डोकं तपकिरी, पुढच्या बाजूला पायांच्या तीन जोड्या, शेपटाकडचा भाग काळपट आणि अंग करंजीसारखं वाकलेलं. हातावर घेतली तर तशीच वाकून पडते. आणि पहिला पाऊस झाला की संध्याकाळी दिव्यावर येऊन आपटतो, भाकरी करताना परातीत पडतो, तो चिंचोक्याएवढा आणि चिंचोक्याच्याच रंगाचा भुंगेरा. आपल्यातल्या पुष्कळ जणींना वाटतं, हे दोन वेगवेगळे किडे आहेत. तसं नाही. सुरवंटाचं फुलपाखरू होतं, तसा ह्या अळीचा भुंगेरा होतो आणि भुंगेऱ्याच्या अंड्यातून पुन्हा अळी. हे एवढं एक ध्यानात आलं की पुढचं सगळं सोपं होतं.

आम्ही ह्या विषयात कशा पडलो, ते आधी सांगतो. आमच्या गटातल्या एका आक्कांनी अर्धा एकर माळ वाट्यानं घेतला होता. गटातून अंतर्गत कर्ज उचललं आणि भुईमूग पेरला. श्रावणापर्यंत पीक असं होतं की रस्त्यानं जाणारा थांबून बघायचा. मग मधेच एखादं झाड मलूल दिसायला लागलं. घरच्यांना वाटलं, पावसानं ओढ दिलीय, पाणी कमी पडलं असेल. शेजारच्या विहिरीवरून पाणी दिलं. झाडं उठेनात. आठ दिवसांत मलूल झाडांच्या जागी वाळलेले गोल चट्टे पडले. आक्कांनी एक डहाळा धरून ओढला, तर झाड काही जोर न लावता हातात आलं. खाली मुळ्याच नव्हत्या. बोटानं माती उकरली तर एकेका झाडाखाली एक, दोन अळ्या. कोवळ्या शेंगाही कुरतडलेल्या.

दुकानातून औषध आणलं, आळवणी केली. पैसे गेले, अळ्या तशाच राहिल्या. कारण तोवर त्या करंगळीएवढ्या जाड झाल्या होत्या. एवढी मोठी अळी सहजासहजी मरत नाही, आणि मेली तरी खाल्लेली मुळी काही परत येत नाही. पीक निम्म्यावर आलं. मालकाचा वाटा द्यायचा होताच. कर्जाचा हप्ता थकला. बैठकीत आक्का कोपऱ्यात बसल्या, पासबुक पदराखाली धरून. गटानं त्यांचे हप्ते पुढं ढकलून दिले. पण त्या दिवशी सगळ्यांच्या ध्यानात आलं, की ही आक्कांच्या रानातली कीड नाही, ही गटाच्या पेटीतली कीड आहे. आज त्यांचा भुईमूग गेला, उद्या कुणाचा सोयाबीन, परवा कुणाचं आलं नाहीतर ऊस. हुमणीला सगळ्याच मुळ्या गोड लागतात.

मग आम्ही तालुक्याच्या कृषी सहायकांना गावात बोलावलं आणि हिचं वर्षाचं वेळापत्रक समजून घेतलं. ते आपल्या महिन्यांच्या हिशोबात सांगतो.

वळवाचा किंवा मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला आणि माती भिजली, की जमिनीत दडून बसलेले भुंगेरे संध्याकाळी वर येतात. दिवस मावळल्यावर, साधारण सात, साडेसातला. उडतात ते थेट कडुनिंबावर, बाभळीवर, बोरीवर जाऊन बसतात. तिथंच नर-मादीची जोडी जमते, तिथंच रात्रभर पाला खातात आणि उजाडायच्या आत पुन्हा जमिनीत शिरतात. म्हणून दिवसा तुम्हाला एकही दिसत नाही. काही दिवसांनी मादी मातीत चार-पाच बोटं खोल जाऊन अंडी घालते. एक मादी साधारण ५० ते ६०. अंडी साबुदाण्यासारखी पांढरी. पंधरवड्याच्या आसपास त्यातून बारीक अळी निघते. ही अळी आधी कुजकं शेणखत, पालापाचोळा ह्यांवर जगते आणि मग कोवळ्या मुळ्यांकडं वळते. आषाढात ती लहान असते, श्रावण-भाद्रपदात मोठी होते, आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर ह्या दिवसांत सगळ्यांत जास्त खाते. पुढं खाणं थांबवून जमिनीत खोल उतरते, मातीची कोठी करून कोषात जाते. कोषातून भुंगेरा तयार झाला तरी तो वर येत नाही, पुढच्या पावसाची वाट बघत तिथंच बसतो. वर्षातून एकच पिढी.

आता नीट विचार करा. वर्षाच्या बारा महिन्यांतले अकरा महिने ही कीड जमिनीच्या पोटात असते. तिथं तिला शोधायचं कसं आणि औषध पोचवायचं कसं? पण पहिल्या पावसानंतरचे काही दिवस ती स्वतःहून वर येते, एका झाडावर गोळा होते आणि अजून तिनं अंडी घातलेली नसतात. चोर आपल्या पायानं ओसरीवर येऊन बसलाय, आणि आपण मात्र तो घरात शिरून माळ्यावर चढला की काठी शोधतो. ह्याच दिवसांत त्याला धरायचं.

आपण बचत गटाच्या बायका. आपल्याला हिशोबाची भाषा लगेच कळते. समजा, एका झाडावरून शंभर भुंगेरे धरले. त्यात निम्म्या माद्या धरा, पन्नास. एकीची साठ अंडी. पन्नास गुणिले साठ, म्हणजे तीन हजार. सगळीच जगत नाहीत हे खरं, पण तीन हजार अळ्यांचा धोका एका संध्याकाळी, एका झाडाखाली मिटला. खर्च किती? घोटभर रॉकेल आणि तासभर वेळ.

कसं करायचं, ते आता सविस्तर सांगतो.

पहिलं काम आत्ताचं, पाऊस पडायच्या आधीचं. गावाची झाडं मोजायची. बांधावरची, ओढ्याकाठची, देवळापुढची, शाळेच्या कुंपणाची कडुनिंबं आणि बाभळी. आम्ही गटागटानं वाड्यावस्त्या वाटून घेतल्या आणि वहीत यादी केली. कोणतं झाड कुणाच्या रानात, ते कुणाच्या वाटणीला. ज्यांचं झाड त्यांना आधी विचारून ठेवायचं. रात्री कुणाच्या रानात न सांगता शिरायचं नाही.

दुसरं, सामान. एक लांब काठी, तिच्या टोकाला आकडी. आपल्या शेळ्यांना पाला काढायची असते तीच. झाडाखाली पसरायला जुनं लुगडं, नाहीतर खताच्या पोत्यांची शिवलेली ताडपत्री. एक बादली, तिच्यात निम्मं पाणी आणि वर थोडं रॉकेल. रॉकेल नसेल तर डिझेल चालतं. दोन बॅटऱ्या. आणि पायात बूट. हे आम्ही दोनदा सांगतो. पहिल्या पावसात भुंगेराच तेवढा बाहेर पडत नाही, साप-विंचूही पडतात. चपलेवर किंवा अनवाणी जायचं नाही, खाली बॅटरी मारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. लहान पोरांना बॅटरी धरायला न्यायला हरकत नाही, पण बादलीपासून लांब.

तिसरं, वेळ. पाऊस झाला त्या दिवसापासून रोज संध्याकाळी बघायचं. भुंगेरे झाडावर जाऊन स्थिर बसले की, म्हणजे आठ ते नऊच्या सुमारास, फांद्या आकडीनं जोरात हलवायच्या. भुंगेरे टपाटप खाली पडतात. आधीच पसरलेल्या कापडावर पडले की गोळा करायचे आणि बादलीत. हातानं उचलले तरी चालतात, ते विषारी नसतात. किळस वाटत असेल तर सुपलीनं भरा. झाडावर सरासरी वीसेक भुंगेरे दिसले की समजायचं, इथं मोहीम घ्यायलाच पाहिजे. आणि आपल्या झाडावर येतात का, हे दिवसा कळायलाही एक खूण आहे. सकाळी कडुनिंबाखाली बघा. पानं करवतीसारखी कुरतडलेली दिसली, की पाहुणे रात्री येऊन गेले.

आमच्याकडं पहिल्या संध्याकाळी काय झालं? काही नाही. नुसता शिडकावा झाला होता, माती खोलवर भिजली नव्हती. चार बाया काठ्या घेऊन झाडाखाली उभ्या आणि वरून पडली ती निंबोळी. पारावरच्या मंडळींना हसायला बरंच झालं. दोन दिवसांनी जोराचा वळीव झाला. त्या संध्याकाळी ओढ्याकाठच्या बाभळीवर बॅटरी मारली तर पाल्यापेक्षा भुंगेरेच जास्त. फांदी हलवली आणि डोक्यावर, पदरावर, मानेत, सगळीकडं भुंगेरे. बादली बघता बघता भरत आली. दुसऱ्या दिवशी ती बादली आम्ही चावडीसमोर नेऊन ठेवली. काही बोलावं लागलं नाही. त्या रात्री हसणाऱ्यांतले तिघे चौघे स्वतः बॅटरी घेऊन आले आणि उंच फांद्या हलवायचं काम त्यांच्याकडं गेलं.

पण अडचणी आल्या, त्याही सांगायला हव्यात. पहिली अडचण घरातली. रात्री आठला, स्वयंपाकाच्या वेळेला, बाई रानात कशी जाणार? सासूबाई म्हणतात, लोक काय म्हणतील. आम्ही असं ठरवलं, की एकटीनं कुणी जायचं नाही, कमीत कमी चौघी, त्यात एक वयानं मोठी. त्या दिवसांत भाकऱ्या दुपारीच करून ठेवायच्या. आणि ज्या घरातून नाही म्हणतात, तिथं त्या घरच्या सासूबाईंनाच बरोबर चला म्हणायचं. दोन घरांत हे लागू पडलं. एका काकूंनी तर पुढं होऊन अख्खी वस्ती सांभाळली. त्यांना अंधाराची भीती नाही, सापाची भीती नाही आणि कुणाची भीडही नाही.

दुसरी अडचण बांधाची. आमच्याकडं दोन भावकींचं बरीच वर्षं वाकडं आहे. मधल्या बांधावर कडुनिंबाचं दांडगं झाड. एक म्हणतो माझं, दुसरा म्हणतो माझं, आणि दोघंही तिथं कुणाला हात लावू देईनात. भुंगेऱ्याला सात-बारा वाचता येत नाही. त्या एका झाडावरचे भुंगेरे दोघांच्याही रानात आणि पलीकडच्या सहा जणांच्या रानात अंडी घालणार. आम्ही पुरुषांशी वाद घातला नाही. दोन्ही घरच्या जावांना गटाच्या बैठकीला बोलावलं आणि आक्कांनी स्वतः त्यांच्यापुढं आपल्या भुईमुगाचं सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्या दोघी जावा एकाच झाडाखाली उभ्या होत्या. एकमेकींशी फार बोलल्या नाहीत, पण कापडाची दोन टोकं दोघींनी धरली होती. भांडण मिटलं असं आम्ही म्हणत नाही. भुंगेरे मात्र धरले गेले.

ह्यात मुद्दा असा, की हे काम एकटीनं करून फायदा होत नाही. तुमच्या बांधावरचं झाड साफ केलं आणि शेजारचं राहिलं, तर तिथले भुंगेरे तुमच्याच रानात येणार. पूर्ण शिवार एकाच आठवड्यात झालं पाहिजे. आणि एक वर्ष करूनही भागत नाही. लागोपाठ तीन-चार वर्षं करायला हवं. आमच्या गावात पहिल्या वर्षी अळी पुष्कळ राहिली होती, दुसऱ्या वर्षी खुरपताना फरक दिसला. संपली मात्र नाही. संपवायची भाषा आम्ही करतच नाही. पीक हाती येईल एवढी ती कमी ठेवायची.

झाडं नाहीत, उघडा माळ आहे, तिथं प्रकाश सापळा लावता येतो. एका टोपल्यात किंवा घमेल्यात पाणी, त्यात थोडं रॉकेल, आणि वर हातभर उंचीवर दिवा टांगायचा. विजेचा बल्ब असेल तर वायर पाण्यात लोंबणार नाही, पावसात भिजणार नाही ह्याची काळजी घ्या. त्यापेक्षा सौर कंदील बरा. संध्याकाळी सात ते नऊ एवढाच लावायचा. रात्रभर ठेवला तर आपल्या उपयोगाचे किडेही त्यात मरतात.

आता कुणी विचारेल, अहो, मग सगळेच किडे धरायचे का? नाही. मृगाचा पाऊस पडला की मखमलीचा लालभडक छोटा किडा रानात फिरतो, तो मृगाचा किडा पिकाला काही करत नाही. शेणाच्या गोळ्या करून ढकलत नेणारा शेणकिडा तर आपला मजूरच आहे, फुकटात खत मातीत गाडतो. उकिरड्यात ज्या लठ्ठ पांढऱ्या अळ्या दिसतात, त्या सगळ्या हुमणीच असतील असंही नाही. एक सोपी परीक्षा आहे. अळी सपाट जमिनीवर ठेवायची. काही जातींची अळी पाठीवर उलटी होऊन सरपटत जाते. ती फुलभुंग्याची असते, तिचं पोट कुजक्या काडीकचऱ्यावर भरतं. हुमणी अशी पाठीवर चालत नाही, कुशीवर वाकून पडते नाहीतर मातीत शिरायला बघते. ओळख पटल्याशिवाय मारू नका.

भुंगेऱ्याचे दिवस निसटले, तर पुढं काय? तेही सांगतो.

शेणखत आधी बघा. अर्धवट कुजलेलं खत रानात टाकलं, की आपण अळीला पंगत मांडून देतो. खत पूर्ण कुजलेलं हवं, हातात घेतल्यावर भुसभुशीत, शेणाचा वास न येणारं. उकिरडा खाली करताना खत ऊन लागेल असं पसरा, अळ्या दिसतील त्या वेचा, मगच गाडी भरा.

जुलै महिन्यात, अळी लहान असताना, मेटारायझियम नावाची बुरशी खतातून देता येते. ही बुरशी अळीच्या अंगावर वाढते, अळी कडक होते आणि मरते. मेलेल्या अळीवर हिरवट थर दिसतो. माणसाला, गुराला, गांडुळाला ती धोक्याची नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठासारख्या ठिकाणी आणि कृषी विज्ञान केंद्रांत चौकशी केली तर मिळू शकते. पण ती जिवंत वस्तू आहे, आपल्या विरजणासारखी. पाकिटावरची मुदत बघून घ्या, सावलीत ठेवा, उन्हात तापू देऊ नका. पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात ती कुजलेल्या शेणखतात मिसळायची, आणि जमिनीत ओल असताना संध्याकाळी मुळापाशी टाकून मातीआड करायची. कोरड्या मातीत टाकली तर पैसे वाया. त्याच आठवड्यात बुरशीनाशक औषध टाकलं तरी वाया.

खुरपणी, कोळपणी करताना दिसेल ती अळी डब्यात. खुरपायला आपणच असतो, त्यामुळं पहिली अळी आपल्यालाच दिसते. घरी आल्यावर सांगायची लाज बाळगू नका. एखादं झाड मधेच मलूल झालं तर लगेच पाणी द्यायला धावू नका. आधी ते उपटून मूळ बघा आणि हातभर लांब, हातभर रुंद जागा उकरा. जिथं एक झाड मलूल, तिथं शेजारच्या हिरव्या झाडाखालीही बघा, कारण अळी एका मुळावरून पुढच्या मुळावर जाते.

पीक निघाल्यावर आणि उन्हाळ्यात नांगरट खोल करा, आणि शक्यतो दिवसा, सकाळच्या वेळी. नांगरामागं बगळे, कावळे, साळुंक्या कशासाठी चालतात? वर आलेल्या अळ्या आणि कोष वेचायला. रात्री ट्रॅक्टर लावला तर हे फुकटचे मजूर मिळत नाहीत.

आता परसबागेबद्दल. वांगी, मिरची, भेंडी, आळूचं आळं, आणि दारापुढचा फुलझाडांचा वाफा, इथंही हुमणी असते. रोप सकाळी ताठ, दुपारी मान टाकलेलं, असं चार दिवस दिसलं की उकरून बघा. वाफा रिकामा झाला की खणून ठेवा आणि कोंबड्या सोडा. गावठी कोंबडी तासाभरात वाफा चाळून देते. फक्त त्या वाफ्यात आधी कुठलं विषारी औषध टाकलेलं नसावं, आणि रॉकेलात बुडवलेले भुंगेरे चुकूनही कोंबड्यांपुढं टाकू नयेत.

आपल्यातल्या काही जणी साताऱ्यात, पुण्यात बंगल्यांच्या, शाळांच्या, मंगल कार्यालयांच्या बागेत कामाला जातात. तिथं हिरवळीवर पावसाळ्याच्या शेवटी पिवळे-तपकिरी चट्टे पडतात. मालक म्हणतात, बाई पाणी घालत नाही. अशा वेळी त्या चट्ट्याच्या कडेचं गवत मुठीत धरून वर उचलून बघा. मुळ्या खाल्लेल्या असतील तर गवत गोधडीसारखं उचललं जातं आणि खाली हुमणी बसलेली असते. एकदा मालकाला हे दाखवा, म्हणजे बोल लागणार नाही. तिथंही उपाय हाच. अळ्या वेचायच्या, बुरशीचं खत ओल असताना द्यायचं, आणि पुढच्या मे-जूनमध्ये बागेतले दिवे रात्रभर जळत ठेवू नयेत असं सांगायचं. दिव्याला भुंगेरा येतो आणि तिथंच हिरवळीत शिरतो.

शेवटचं, औषधांचं. हुमणीवर वर्षानुवर्षं फोरेटचे दाणे टाकले गेले. वास उग्र, त्यामुळं जुन्या माणसांना ते लगेच आठवेल. केंद्र सरकारनं २०१८ च्या आदेशानं ते बंद करायचं ठरवलं आणि ३१ डिसेंबर २०२० पासून त्याची विक्री आणि वापर, दोन्हींवर पूर्ण बंदी आहे. घराच्या माळ्यावर, गोठ्याच्या कोनाड्यात जुना पुडा राहिला असेल तर तो वापरू नका, उघडू नका, ओढ्यात टाकू नका. कृषी सहायकाला कळवा. ज्या घरात कर्ज आहे, वादावादी आहे, तिथं असा पुडा हाताशी नसणं हेच फार मोठं औषध आहे. एवढंच बोलून थांबतो, तुम्हाला कळतंय.

दुसरं एखादं औषध द्यायचीच वेळ आली, तर कृषी अधिकाऱ्यांना विचारून, पिकाचं नाव सांगून, पावतीसह घ्या. पाकिटावरचा रंगाचा चौकोन बघा, त्यात लाल सगळ्यांत जहाल. पोटुशी आणि अंगावर पाजणारी बाई त्या कामाला नको. हातमोजे घाला, स्वयंपाकाची भांडी वापरू नका. कुणाला चक्कर, उलटी, घाम, डोळ्यांपुढं अंधारी आली तर कपडे बदला, साबणानं अंग धुवा, उलटी करवायला मीठ-पाणी पाजत बसू नका. १०८ ला फोन करा आणि पाकीट बरोबर घेऊन दवाखान्यात जा. शेतीची शंका असेल तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर फुकट आहे, तिथं मराठीत बोलता येतं.

मागच्या वेळी एका ताईंनी विचारलं होतं, भुंगेरे कडुनिंबावर येतात तर कडुनिंबच तोडून टाकायचा का? नको, ताई. कडुनिंब तोडला तर भुंगेरा बोरीवर जाईल, बाभळीवर जाईल, नाहीतर शिवारभर पांगेल. झाड आहे म्हणून तो एका जागी सापडतो. निंबोळ्या गोळा करा, त्यांची पेंड करून वाफ्यात घाला. झाड राहू द्या.

तर मैत्रिणींनो, ह्या आठवड्याच्या बैठकीत बचतीचे पैसे गोळा झाले की उठू नका. आणखी चार कामं उरका. झाडांची यादी करा, वस्त्या वाटून घ्या, बूट कुणाकडं आहेत आणि कुणाकडं नाहीत ते बघा, आणि पाऊस झाला की कोण कुणाला फोन करणार ते ठरवा. वहीत लिहून खाली सगळ्यांच्या सह्या घ्या. आमच्या आक्का ह्या वर्षी पुन्हा भुईमूग करणार आहेत, तोच अर्धा एकर. गटानं त्यांना कर्ज मंजूर केलं, आणि ठरावात एक ओळ वाढवली, की त्यांच्या बांधावरची तीन झाडं गट सांभाळेल.

आभाळ भरून यायला लागलंय. काठीला आकडी बांधून ठेवा.